नव्वद लाखांचे व्याज निवृत्तीनंतर किती वर्षे पुरेल?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ५७ वर्षांचे आहेत. भोसरीतल्या एका खासगी अभियांत्रिकी कारखान्यात त्यांची ३० वर्षांहून अधिक नोकरी झाली असून पुढच्या वर्षी, ५८ व्या वर्षी, ते निवृत्त होतील. पत्नी ५३ वर्षांच्या, गृहिणी. मुलगा आयटीत, मुलीचे लग्न व्हायचे आहे. राहते घर स्वतःचे, कर्ज फिटलेले. शिवाय एक जुना वन बीएचके आहे, त्याचे महिना १२,००० रुपये भाडे येते. पीएफचे ५८ लाख, ग्रॅच्युइटीचे १४ लाख आणि मुदत ठेवी १८ लाख (त्यांतले ६ लाख गावाकडच्या पतसंस्थेत), असे एकूण ९० लाख हाताशी असतील. ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन साधारण ४,५०० रुपये बसेल. घरखर्च महिना ४५,००० आहे. त्यांचा हिशेब असा की ९० लाखांवर ८ टक्क्यांनी महिन्याला ६०,००० रुपये व्याज येते, म्हणजे खर्च भागून वर शिल्लक राहते आणि मुद्दलाला हात लावावा लागत नाही. मुलगा म्हणतो, सगळे पैसे म्युच्युअल फंडात टाकून दरमहा एक टक्का काढत राहा. मेव्हणे म्हणतात, आणखी एक फ्लॅट घ्या. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचा हिशेब चुकलेला नाही, पण तो एकाच वर्षाचा आहे. नियोजन मात्र तुमच्या पत्नीच्या वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत, म्हणजे ३० वर्षांहून अधिक काळाचे करायचे आहे. त्यामुळे पैसे कुठे ठेवावेत हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा की, दरवर्षी वाढत जाणारा खर्च न वाढणाऱ्या व्याजातून किती वर्षे भागेल आणि जिथे भागेनासा होईल तिथे काय करायचे.

महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. आजचे ४५,००० तुमच्या सत्तरीत ९०,००० होतात आणि ८२ व्या वर्षी एक लाख ८० हजार. व्याज मात्र तेच ६०,००० राहते, कारण मुद्दल वाढलेले नसते. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मंडळींना ही तफावत पहिली पाच-सहा वर्षे जाणवतच नाही. शिल्लक पडत असते, त्यातून नातवंडांना काही दिले जाते, एखादी यात्रा होते. साधारण सातव्या-आठव्या वर्षी व्याज आणि खर्च बरोबरीला येतात आणि त्यानंतर ठेवी मोडण्याची सुरुवात होते. एकदा मुद्दल कमी होऊ लागले की व्याजही घटते आणि घसरणीचा वेग वाढतो. त्या वयात नवीन कमाई करणे शक्य नसते, म्हणून हा विचार आताच करायचा.

दुसरी गोष्ट व्याजदराची. आपल्या वडिलांच्या पिढीने किसान विकास पत्रात साडेपाच वर्षांत दामदुप्पट पाहिली. आज त्याच पत्राला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. पीएफवर १९९० च्या दशकात १२ टक्के व्याज होते, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के आहे. त्या काळचे दर आठवून हळहळणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की १९९१ च्या संकटाच्या आसपास महागाईही दोन आकडी होती, त्यामुळे बारा टक्क्यांतून खऱ्या अर्थाने हाती फारसे उरत नव्हते. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के वरखाली, राखण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. महागाई आटोक्यात राहिली की व्याजदरही खाली येतात. फेब्रुवारी ते जून २०२५ या पाच महिन्यांतच रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला आणि बँकांनी ठेवींचे दर त्यापाठोपाठ उतरवले. अडचण अशी की सरकारी महागाईचा आकडा सबंध देशाच्या सरासरी कुटुंबाचा असतो. निवृत्त जोडप्याच्या खर्चात औषधे, तपासण्या, घरकामाच्या बाईंचा पगार आणि सोसायटीचा मेंटेनन्स यांचा वाटा मोठा असतो आणि हे खर्च सरासरीपेक्षा वेगाने वाढतात. म्हणून दर खाली येत असतानाही मी घरगुती महागाई ६ टक्क्यांपेक्षा कमी धरत नाही.

व्याजदर आपल्या हातात नसतो म्हणजे नेमके काय होते, याचे एक उदाहरण देतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडताना जो दर असतो तो पाच वर्षे कायम राहतो. ३१ मार्च २०२० पर्यंत तो ८.६ टक्के होता, १ एप्रिलपासून ७.४ झाला. तेव्हाच्या कमाल मर्यादेइतके, म्हणजे १५ लाख रुपये गुंतवणाऱ्याला आदल्या दिवशी खाते उघडले असते तर तिमाहीला ३२,२५० रुपये मिळाले असते. दुसऱ्या दिवशी उघडणाऱ्याला २७,७५० मिळाले आणि पाच वर्षे तेवढेच मिळत राहिले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये हा दर ८.२ टक्के झाला आणि २०२५ सालभर तिथेच राहिला. सरकार अल्पबचतीच्या दरांचा आढावा दर तिमाहीला घेते. तुमची पाच वर्षे संपतील तेव्हा दर काय असेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि जो ठामपणे सांगतो त्याच्यापासून सावध राहावे. म्हणून सगळे पैसे एकाच वर्षी, एकाच मुदतीला अडकवू नयेत.

आता तुमच्या ४५,००० रुपयांकडे पाहू. हा आकडा तुम्ही मनाने काढला असेल तर कृपया पासबुक आणि क्रेडिट कार्डाची बिले घेऊन मागच्या १२ महिन्यांचा खर्च ओळीने लिहून काढा. मी हे प्रत्येकाला करायला लावतो आणि आकडा बहुतेक वेळा सांगितल्यापेक्षा जास्तच निघतो. किराणा, दूध, गॅस, वीज हे सर्वांच्या लक्षात असते. लक्षात राहत नाही ते गाडीचा वार्षिक विमा आणि दोन टायर, दिवाळीची खरेदी, गावच्या यात्रेचा आणि कुलदैवताचा खर्च, वर्षाला येणारी आठ-दहा लग्ने आणि त्यांतले आहेर, घरपट्टी, दातांचे काम, चष्मा. शिवाय कंपनी आज ज्याचे पैसे भरते ते सगळे: बस, कँटीनचे जेवण, फोन आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे गट आरोग्य विमा. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून हे तुमच्या खिशातून जाते. मी तुमच्यासाठी आरोग्य विम्याचे महिना ५,००० आणि बाकीच्यांचे २,००० धरून खर्च ५२,००० मानतो. तुमची वही वेगळे सांगत असेल तर तिचा आकडा खरा.

जमा बाजूही तपासली पाहिजे. मुलीच्या लग्नासाठी तुम्ही १२ लाख मनात धरले आहेत. अडीअडचणीसाठी आणि दवाखान्यासाठी ६ लाख कायम हाताशी हवेत. हे १८ लाख वजा जाता पोट भरणारी पुंजी ७२ लाख उरते. वन बीएचकेचे भाडे १२,००० असले तरी मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम आणि मधूनमधून रिकामा जाणारा महिना धरला तर हाती १०,००० येतात. ५२,००० मधून पेन्शनचे ४,५०० आणि भाड्याचे १०,००० वजा केले की पुंजीतून दरमहा ३७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला साडेचार लाख लागतील. ७२ लाखांच्या मानाने ही उचल सव्वासहा टक्के होते. पहिल्याच वर्षी एवढी उचल आणि पुढे तीस वर्षे, हे प्रमाण मला जड वाटते. चार टक्क्यांच्या आसपास असते तर मी निर्धास्त राहिलो असतो.

ढोबळ गणित मांडतो. ही साडेचार लाखांची गरज दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते असे धरू. सगळे पैसे ठेवींत आणि पोस्टात राहिले आणि सरासरी ७ टक्के मिळाले, तर पुंजी सुमारे साडेअठरा वर्षे पुरते. तुम्ही तेव्हा ७६-७७ वर्षांचे असाल आणि पत्नी बहात्तरीच्या. पुंजीचा तिसरा हिस्सा शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत ठेवून एकूण परतावा साडेआठ टक्क्यांवर नेता आला, तर हीच पुंजी २२ वर्षे, म्हणजे तुमच्या ८० व्या वर्षापर्यंत जाते. आणि त्याच्या जोडीला ५८ ते ६१ ही तीन वर्षे तुम्ही घरखर्चापुरते कमावले, पुंजीला अजिबात हात लावला नाही, तर ती तुमच्या ८५ व्या वर्षापर्यंत पोचते. शेवटी वन बीएचके विकण्याचा पर्याय शिल्लक असतोच, तो पत्नीच्या उरलेल्या वर्षांसाठी. हे आकडे म्हणजे भविष्यवाणी नव्हे. एखादा टक्का इकडेतिकडे झाला तर दोन-चार वर्षांचा फरक पडेल. पण कोणत्या निर्णयाने किती फरक पडतो हे त्यातून दिसते, आणि माझ्या अनुभवात गुंतवणुकीच्या निवडीइतकाच फरक आणखी दोन-तीन वर्षे काम करण्याने पडतो.

तीन वर्षे काम करणे म्हणजे पूर्वीच्याच पगाराची नोकरी असे नाही. चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातल्या लघुउद्योगांना गुणवत्ता नियंत्रण, देखभाल, पुरवठादारांशी व्यवहार यांची जाण असलेला माणूस आठवड्याचे चार दिवस हवा असतो. तुम्हाला लागणारी रक्कम महिना ३७,५०० च्या आसपास आहे, तुमच्या अनुभवाच्या मानाने ती फार नाही. तब्येत साथ देत नसेल किंवा घरी कोणाची सुश्रूषा करायची असेल तर हा मार्ग बंद होतो, आणि मग लग्नाचा खर्च, गाडी आणि वन बीएचके या तिन्हींचा विचार आधी करावा लागेल. मुलीशी लग्नाच्या खर्चाबद्दल मोकळेपणाने बोला. त्यातले चार लाख वाचले तर ते तुमच्या जवळजवळ एका वर्षाच्या गरजेइतके आहेत. अनेक मुली हे ऐकून स्वतःहून नोंदणी विवाह सुचवतात, आईवडिलांनी विचारायचा अवकाश असतो.

इथपर्यंत जे ठरले ते एकदा जुळवून घेतो: खर्च ५२,०००, पुंजीतून गरज ३७,५००, पुंजी ७२ लाख, पूर्णपणे व्याजावर विसंबल्यास धोका पंचाहत्तरीनंतर. आता मुलाचा आणि मेव्हण्यांचा सल्ला याच मापाने तपासू.

मुलाचे निम्मे बरोबर आहे. महागाईच्या पुढे जाणारा काही हिस्सा पुंजीत हवा आणि तो आज तुमच्याकडे शून्य आहे. मात्र सगळी रक्कम बाजारात आणि दरमहा एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा टक्के उचल, हे मला मान्य नाही. नोकरी करताना एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक हप्ता भरणाऱ्याला बाजार पडला तर स्वस्तात युनिट मिळतात. निवृत्त माणूस विकणारा असतो, त्याला पडलेल्या भावात विकावे लागते. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या घरात असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरपर्यंत निम्म्याहून खाली गेला आणि पूर्वीच्या पातळीला यायला २०१० ची अखेर उजाडली. त्या जानेवारीत कोणी ७२ लाख रुपये बाजारात घालून दरमहा ७२,००० काढायला सुरुवात केली असती तर ऑक्टोबरपर्यंत जवळपास सात लाख काढून झाले असते, उरलेली रक्कम निम्म्याहून कमी झाली असती आणि महिन्याला काढायची रक्कम तीच राहिली असती. पुढे बाजार सावरला तरी विकून टाकलेले युनिट परत येत नाहीत. सरासरी परतावा १२ टक्के दिसत असला तरी वाईट वर्षे सुरुवातीला आली तर पुंजी संपते, शेवटी आली तर टिकते. नोकरीच्या काळात या क्रमाला फारसे महत्त्व नसते, निवृत्तीत तोच निर्णायक ठरतो. मुलगा २६-२७ वर्षांचा आहे, त्याने स्वतःच्या पगारातून असेच करावे, त्याच्यासाठी ते योग्य आहे.

मेव्हण्यांच्या सल्ल्याबाबत मी अधिक स्पष्ट बोलतो: नवीन फ्लॅट घेऊ नका. तुमच्या वन बीएचकेची आजची किंमत ४८ लाख धरली तर १,४४,००० रुपयांचे वार्षिक भाडे तीन टक्के होते, हाती येणारे तर अडीच टक्केच. नव्या फ्लॅटमध्ये ४५ लाख गुंतवले तर ७२ लाखांतून २७ लाख उरतात आणि दरमहा ३७,५०० ची गरज तशीच राहते. किमती वाढतीलही, पण वाढलेली किंमत हाती येण्यासाठी फ्लॅट पूर्ण विकावा लागतो, त्याला गिऱ्हाईक मिळायला वर्षही लागू शकते, आणि चालू बांधकामातले घर असेल तर ताबा रखडण्याची जोखीम वेगळी. तुमच्याकडे स्थावर मालमत्तेचा हिस्सा आजच पुरेसा आहे. उलट पाच-सात वर्षांनी वन बीएचके विकावा का, हा विचार मी सुचवेन. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या नफ्यावर इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के यांतला कमी पडणारा कर देण्याची सोय भारतात निवासी असलेल्या व्यक्तींना आहे, ती विक्रीच्या वेळी सनदी लेखापालाकडून तपासून घ्या.

पतसंस्थेतल्या ६ लाखांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचे, म्हणजे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत, तेही ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी ते एक लाख होते. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण लागूच नाही. तिथला संचालक ओळखीचा आहे, चुलतभाऊ आहे, आजवर एकदाही व्याज चुकलेले नाही, हे सगळे खरे असले तरी ते संरक्षण नव्हे. विमा असलेल्या नागरी सहकारी बँकेतही अडकलेले पैसे लगेच मिळतात असे नाही. पुण्यातल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द होईपर्यंत २०२२ साल उजाडले, एवढी वर्षे निवृत्त ठेवीदारांनी वाट पाहिली. दीड-दोन टक्के अधिक व्याजासाठी ही जोखीम तुमच्या वयात घेऊ नये. मुदत संपेल तशी रक्कम काढा, नूतनीकरण करू नका. चुलतभावाला वाईट वाटेल, तरीही काढा.

मी तुमच्या जागी असतो तर ७२ लाखांची मांडणी अशी केली असती. तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तुम्ही नियत वयोमानाने निवृत्त होत असल्यामुळे साठीची वाट पाहावी लागत नाही. ५५ ते ६० या वयात निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या लाभांच्या रकमेपर्यंत खाते उघडता येते. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पंधरा लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या संयुक्त नावाने, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला २९,७५० झाले. पाच लाख बँकेत एक, दोन आणि तीन वर्षांच्या वेगवेगळ्या ठेवींत, त्यातून महिन्याची उरलेली साडेसात-आठ हजारांची तूट भरून निघेल. राहिलेले २२ लाख, म्हणजे पुंजीच्या तीस टक्क्यांच्या आसपास, निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा) आणि एखादा हायब्रिड फंड (शेअर आणि कर्जरोखे यांचे मिश्रण असलेला) यांत, दीड-दोन वर्षांच्या काळात हप्त्याहप्त्याने. या २२ लाखांना सात वर्षे हात लावायचा नाही. अपवाद एवढाच की बाजार चांगला चढलेल्या वर्षी त्यातला थोडा भाग विकून बँकेतल्या ठेवी भरून घ्यायच्या, पडलेल्या वर्षी काहीही विकायचे नाही. ६ लाखांचा अडीअडचणीचा निधी याच्या बाहेर, दोन वेगवेगळ्या राष्ट्रीयीकृत बँकांत.

तीन वर्षे काम करायचे ठरले तर व्याजाची गरज तेव्हा नसेल. मग ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाखच घालून बाकीचे साठीनंतर घाला, तेव्हा तीन महिन्यांची अट राहत नाही. अशाने दोन वेगवेगळ्या वेळचे दर मिळतील. बाजार पडलेला पाहून झोप उडणारी प्रकृती असेल तर फंडांचा हिस्सा २० टक्क्यांवर आणा. कागदावरची उत्तम योजना घाबरून मध्येच मोडण्यापेक्षा थोडी कमी परतावा देणारी योजना शेवटपर्यंत पाळणे कितीतरी बरे. कराची मात्र चिंता नको. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि तुमचे व्याज, भाडे, पेन्शन मिळून त्याच्या बरेच खाली आहे. फंड विकून झालेला दीर्घकालीन नफा वेगळा मोजतात, त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही.

पेन्शनबाबत एक बारकावा. ईपीएसची पेन्शन ५८ ऐवजी ६० व्या वर्षी सुरू केली तर वर्षाला ४ टक्के वाढवून मिळते, म्हणून थांबावे असे तुम्हाला कोणी सुचवेल. ४,५०० चे ४,८६० होतील. पण दोन वर्षांत सोडून दिलेले १,०८,००० रुपये ३६० च्या जादा हप्त्याने भरून यायला २५ वर्षे लागतात. ५८ लाच सुरू करा. ती पुढे महागाईप्रमाणे वाढेल असेही धरू नका. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि २०२५ संपेपर्यंत तेवढीच राहिली.

आरोग्य विम्याचे काम मात्र निवृत्तीच्या तारखेची वाट न पाहता आजच सुरू करा. तुम्हाला मधुमेह आहे असे तुम्ही लिहिले आहे. नोकरी सुटल्यावर नव्याने पॉलिसी घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा लागू शकते, आणि नेमकी तीच वर्षे उघडी राहतात. कंपनीचा गट विमा ज्या विमा कंपनीचा आहे तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची तरतूद आहे आणि त्यात गट विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षेत मोजली जातात. मनुष्यबळ विभागाकडून विम्याची कागदपत्रे आणि सलग वर्षांचा दाखला मागून घ्या आणि शेवटच्या दिवसाच्या दोन-तीन महिने आधी लेखी अर्ज द्या. अर्जात मधुमेह, चालू गोळ्या, जुनी शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. दावे नाकारले जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढा दिलासा मिळेल. सत्तरी पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्याला अजून १३ वर्षे आहेत आणि तुमचे नेहमीचे रुग्णालय त्या यादीत असेलच असे नाही.

शेवटचा भाग तुमच्या पत्नींचा आहे. त्या तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे या पुंजीवर बहुधा काही वर्षे त्यांना एकटीने राहावे लागेल. तुमच्या पश्चात ईपीएसची पेन्शन निम्मी, म्हणजे २,२५० होते. म्हणून प्रत्येक ठेव संयुक्त नावाने, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल त्याने काढावी अशा सूचनेसह ठेवा, फंडांत आणि पीएफमध्ये वारस नोंद (नॉमिनेशन) तपासा, आणि दोन्ही घरांबाबत साध्या भाषेत मृत्युपत्र करून ठेवा. वारस नोंद असली तरी मालकीचा प्रश्न मृत्युपत्रानेच सुटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या महिन्यापासून पोस्टात आणि बँकेत जाताना त्यांना बरोबर न्या, खात्यातले पैसे त्यांना स्वतःच्या हाताने काढू द्या, इंडेक्स फंडाचे विवरणपत्र त्यांना वाचून दाखवा. वर ज्या १२ महिन्यांच्या खर्चाची वही मी लिहायला सांगितली आहे, तीही दोघांनी मिळून लिहा. घरात कुठे किती जाते हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. ती वही झाली की ५२,००० च्या जागी तिच्यातला आकडा घालून वरचे गणित पुन्हा मांडा. गरज ३७,५०० ऐवजी ४५,००० निघाली तर काम करण्याची वर्षे तीनऐवजी पाच धरावी लागतील किंवा वन बीएचके लवकर विकावा लागेल, आणि ३०,००० निघाली तर ५८ व्या वर्षीच थांबण्याचा विचार तुम्ही करू शकता.